शॉर्टस्टॉपचे पाय आणि काझची कड

काझ,

तू गेल्यावर क्लबच्या मासिकात तुझ्यावर चार ओळी आल्या, आणि चारही चुकीच्या. 'गवतावर जिवापाड प्रेम करणारा अबोल माणूस' म्हणे. अबोल! तू! आपल्या दोन घरांत एक लाकडी कुंपण तेवढं होतं, आणि एकेचाळीस वर्षांत एकदाही मला सकाळची कॉफी शांतपणे पिता आली नाही. आणि गवतावर प्रेम? तू गवताशी भांडायचास. त्याला पोलिशमधून शिव्या घालायचास. त्या मला कळायच्या, कारण माझी आई मला त्याच घालायची. वर त्या मासिकवाल्यांनी तुझं आडनावसुद्धा धड छापलेलं नाही. तेव्हा मी ठरवलं, एलिसेओच्या कराराच्या वर्षी काय झालं ते आपणच लिहून टाकावं. तू मधे बोलायचं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा ते तुला जमणार आहे. आता बाकीच्यांकडे तोंड करून सांगते.

काझिमिर स्तान्चिक बफेलोच्या लेकमेन बेसबॉल क्लबचं मैदान राखायचा. १९९९ साली तो अडुसष्ट वर्षांचा होता आणि नोकरीला एकतीस वर्षं झाली होती. दर ऑक्टोबरात क्लब त्याला एकपानी कागद द्यायचा, पुढच्या एका वर्षाचा. तो बाहीला पेन पुसून सही करायचा आणि म्हणायचा, "चला, अजून एक उन्हाळा मरायला सवड नाही."

त्याचा सगळा तोरा एका रेषेत होता. आतल्या लाल मातीचा भाग संपतो आणि बाहेरची हिरवळ सुरू होते, तिथे मोठी कमान असते. ती काझची कड. दर सोमवारी तो पात्याने ती कापायचा, आणि इतकी साफ, की वरच्या रांगेत बसलेल्यालाही वाटावं हिरवा कागद कात्रीने कापून मातीवर ठेवलाय. दुसऱ्या शहरांतले मैदानवाले येऊन त्या कडेचे फोटो काढायचे. काझ तेव्हा मुद्दाम पाठ करून पाण्याची नळी गुंडाळत बसायचा, पण कान मागे.

त्या मातीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, सहा वर्षं एलिसेओ कास्तान्योस उभा राहत होता. आमचा शॉर्टस्टॉप. डॉमिनिकन पोर, आला तेव्हा चोवीस वर्षांचा, इंग्रजीचे वीस शब्द आणि त्यातले अकरा खाण्याचे. चेंडू त्याच्याकडे गेला की आमच्या गल्लीतल्या बायका ओव्हनकडे वळायच्या, कारण फटका मारणारा बाद झाल्यातच जमा. सामना संपला की सगळे खेळाडू आत पळायचे आणि एलिसेओ जाताजाता काझच्या टोपीवर टपली मारायचा. "उद्या भेटू, विएहो." विएहो म्हणजे त्यांच्याकडचं म्हातारबा. काझ खवळल्याचं सोंग करायचा. बायको त्याआधीच गेलेली, मुलगी दूर अ‍ॅरिझोनात. त्या टपलीसाठी तो दिवसभर टोपी सरळ करत असे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

काझची एक खोड होती. सामना संपला, की दंताळं फिरवायच्या आधी तो माती वाचायचा. कोण कुठे उभा होता, कोण कुठे घसरला, कुणाचा पाय दुखतोय. खिळ्यांच्या बुटांनी माती सगळं बोलते, असं त्याचं म्हणणं. एलिसेओच्या टाचांचे दोन खड्डे कडेपासून बरोबर तीन बुटांवर असत. काझ आपला बूट टाचेला टाच लावून मोजायचा. पहिल्या वर्षी तीन बूट. दुसऱ्या वर्षी तीन. मग गेल्या दोन-तीन हंगामांत साडेतीन, चार, आणि त्या सप्टेंबरात पाच.

याचा अर्थ आमच्या शहरात शेंबड्या मुलालाही सांगावा लागत नाही. शॉर्टस्टॉप जितका मागे, तितका त्याचा हात दणकट, कारण तिथून पहिल्या बेसपर्यंत चेंडू फेकायचा असतो. तो पुढे सरकायला लागला, की समजायचं, खांदा गेला. एलिसेओ दोन बूट पुढे आला होता. काझने ते कुणाला सांगितलं नाही. उलट त्या जागेवर दंताळं दोनदा फिरवायचा.

आणि नेमका तोच हंगाम एलिसेओच्या कराराचा शेवटचा. क्लब त्याला नऊ वर्षं आणि नऊ कोटी डॉलर देणार की सोडणार, याखेरीज शहरात दुसरा विषय नव्हता. चर्चच्या पायऱ्यांवर तेच, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनही तेच.

शुक्रवारी सगळे ल्युसिलच्या खानावळीत तळलेला मासा खायला जमायचे. ल्युसिल गल्ल्यावर, ओटिस तिच्यासमोरच्या उंच स्टुलावर. ओटिस पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त, आणि कुठल्याही गोष्टीच्या विरुद्ध.

"नऊ वर्षं!" ओटिस म्हणाला. "नऊ वर्षांनी तो एकोणचाळीसचा असेल. एकोणचाळिसाव्या वर्षी माणूस काय करतो?"

"तू काय करत होतास?" ल्युसिलने विचारलं.

"भट्टीमागे झोपा काढत होतो. म्हणून तर म्हणतो, देऊ नका!"

"तुला झोपायचे पैसे मिळायचे तेव्हा बरं चाललं. त्याला पळायचे मिळतात तर पोटात दुखतंय."

"अगं, नऊ वर्षांत माझ्या तीन गाड्या गंजल्या. गाडीची हमी तीन वर्षांची देतात, आणि माणसाची नऊ?"

"तुझ्या गाड्या तू धुवत नाहीस, ओटिस. तूही धुतलेला दिसत नाहीस."

खानावळ हसली. काझ कोपऱ्यात कोबीचं सॅलड ढकलत बसला होता. दुसरी बिअर संपत आली होती. ओटिस त्याच्याकडे वळला.

"तू बोल ना रे, मातीच्या डॉक्टरा. सहा वर्षं त्याच्या पायाखालची माती विंचरतोयस. आहे का तो नऊ वर्षांच्या लायकीचा?"

काझने गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, मासिकवाले काहीही म्हणोत.

"पोरगा सोन्यासारखा आहे," तो म्हणाला. "पण पाय पुढे आलेत त्याचे. दोन फूट."

ल्युसिलच्या हातातली मोड गल्ल्यावर तशीच राहिली. आणि मागच्या टेबलावर एक गृहस्थ मासा खाता खाता खिशातली वही काढत होता. तो वर्तमानपत्रात खेळांवर लिहायचा. मासा खायला सगळेच येतात.

सोमवारी पेपरात मथळा आला: 'मातीला सगळं ठाऊक आहे.' काझचं नाव नव्हतं, 'मैदानाच्या अगदी जवळचा एक जाणता' असं होतं. बफेलोत मैदानाच्या इतका जवळचा जाणता एकच होता. त्याच दिवशी जनरल मॅनेजर हॅलोरनच्या कचेरीतून निरोप आला, बुधवारी सकाळी दहा वाजता येऊन भेटा. काझने तो पेपर कचऱ्यात टाकला, परत काढला, घडी घातली, आणि परत टाकला. आपण एका पोराच्या नऊ वर्षांवर पाय दिलाय, हे त्याला कळलं होतं. पण जे पाहिलं ते पाहिलं. विचारल्यावर खोटं कसं बोलायचं?

मंगळवारी सकाळी तो रिकाम्या मैदानात कडेला पाणी मारत होता. हंगाम रविवारीच संपला होता. एलिसेओ खेळाडूंच्या बोगद्यातून आला. टोपीवर टपली मारली नाही.

"विएहो. ते तू म्हणालास?"

काझने नळी बंद केली. "मी म्हणालो."

"माझा खांदा गेला?"

"खांद्याचं मी काही बोललो नाही. पाय म्हणालो. तू दोन फूट पुढे उभा राहतोस. मला मोजता येतं."

"मी?" एलिसेओने छातीवर बोट ठेवलं. "मी पुढे? अरे, मी पहिल्या दिवशी जिथे उभा राहिलो तिथेच उभा राहतो! मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. कोचने काय सांगितलं माहितीये? भिंतीवरच्या मोहरीच्या सॉसच्या जाहिरातीकडे बघ. तिसऱ्या बेसमागचा दिव्याचा खांब बाटलीच्या झाकणावर आला, आणि इकडे खेळाडूंच्या बाकांवरच्या छपराचं टोक प्रेक्षकांच्या पहिल्या दरवाजावर आलं, की थांब. सहा वर्षं मी खांब आणि मोहरी बघतोय. जेवताना मला मोहरी खावत नाही आता."

"मग माझे बूट खोटं बोलतात?"

"चल."

तो ताडताड मातीत गेला. खांबाकडे पाहिलं, अर्धं पाऊल सरकला, छपराकडे पाहिलं, आणि टाचा रोवल्या. रविवारचे खड्डे काझने अजून पुसले नव्हते. हंगाम संपला की दोन दिवस तो ते तसेच ठेवायचा. टाचा बरोबर त्याच खड्ड्यांत बसल्या.

काझने कडेपासून बूट मोजत आणले. एक, दोन, तीन, चार, पाच.

"पाच," तो म्हणाला. "पूर्वी तीन होते."

"मग तुझं गवत पळालं."

"काय?"

"मी हललो नाही. खांब हलला नाही. मोहरी हलली नाही. राहिलं कोण?"

"माझं गवत," काझ सावकाश म्हणाला, "एकतीस वर्षांत कुठेही गेलेलं नाही."

"मग मोज."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी काझने कुणालाच सांगितली नव्हती. ती कमान आखायची रीत ठरलेली असते. वसंतात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा राहतो त्या उंचवट्याच्या मधोमध खुंटी ठोकायची, तिला पंचाण्णव फुटांची दोरी बांधायची, आणि दोरी ताठ धरून कडेकडेने चालत जायचं. काझने तीन वसंत ती दोरी काढलीच नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हे एक. आणि दुसरं, खरं कारण, फोटो काढायला येणाऱ्या त्या लोकांपैकी कुणीतरी म्हणालं होतं, "तुमचा डोळाच दोरी आहे." ते त्याने मनावर घेतलं.

एलिसेओने टेपचं टोक उंचवट्यावर धरलं. काझ टेप ओढत कडेपर्यंत गेला, वाकला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग दुसरीकडे जाऊन मोजलं. मग तिसरीकडे.

"किती?" एलिसेओ ओरडला.

काझने टेप पुन्हा ताणला.

"विएहो! किती?"

"सत्त्याण्णव," काझ म्हणाला. "आणि एक इंच."

दर सोमवारी साफ कापायच्या नादात तो बोटाचं अर्धं पेर हिरवळ कापून टाकत होता. तीन वर्षांत दोन फूट. पोरगा होता तिथेच होता. सरकला होता काझ.

तो पिचरच्या उंचवट्यावर मटकन बसला. एलिसेओला वाटलं म्हाताऱ्याला काही झालं, तो धावत आला. पाहतो तर काझ हसतोय. आधी नाकातून, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी.

"फोटो!" त्याला बोलता येईना. "डेट्रॉइटहून येऊन फोटो काढून गेले रे त्या कडेचे! त्यांनी तिकडे जाऊन तशीच कापली असणार!"

मग एलिसेओही बसला, आणि दोघे त्या उंचवट्यावर, जिथे काझ कुणाला बूट घालून पाय ठेवू देत नसे, शाळेतल्या पोरांसारखे हसत लोळले. पाणीवाल्या नळीशेजारी राहून गेलेली टपली तेव्हा मिळाली. एकदम तीन.

पण हसून झाल्यावर बुधवार होताच. त्याच आठवड्यात काझचा एकपानी कागदही निघायचा होता. जो मैदानवाला आपली कमान तीन वर्षं चुकीची कापतो, आणि वर मोजत नाही, त्याला अडुसष्टाव्या वर्षी दुसरा कागद कोण देणार? तो घरी आला, कुंपणावर हात टेकून मला ही सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, "पेपरवाला चुकला म्हणून सांगितलं तर?" त्याला उत्तर मिळालं की टाय घाल, निळा, आणि डाग पडलेला नको.

टाय घालून, टोपीही घालून, तो दहाला हॅलोरनसमोर बसला. हॅलोरन तरुण वकील, टेबलावर कागदांचे गठ्ठे.

"काझ, आमचे दोन जाणकार म्हणतात घ्या, दोन म्हणतात सोडा," तो म्हणाला. "आणि पेपर म्हणतो मातीला ठाऊक आहे. काय ठाऊक आहे मातीला?"

काझने खिशातून टेप काढून गठ्ठ्यावर ठेवला. लाल माती लागलेला.

"मातीला काही ठाऊक नाही, मिस्टर हॅलोरन. मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं." आणि त्याने सगळं सांगितलं. दोरी, गुडघा, फोटो, पाच बूट, मोहरी. काही गाळलं नाही.

हॅलोरन खिडकीशी गेला. खाली मैदान दिसत होतं.

"म्हणजे आपलं मैदान तीन वर्षं चुकीचं आहे?"

"दोन फूट एक इंच."

"आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"तुमच्या खिडकीतून तर रोज दिसतं."

हॅलोरनचे कान लाल झाले, मग तोही हसला. परत येऊन बसला. "बरं. मग सांगा, तो नऊ वर्षांच्या लायकीचा आहे का?"

"नऊ वर्षांच्या लायकीचं कुणी नसतं," काझ म्हणाला. "मी आहे का? मला एकतीस वर्षं दिलीत तुम्ही, पण एकेक करून, म्हणून कुणी पेपरात लिहिलं नाही. एकदम एकतीस मागितली असती तर ओटिसने स्टूल मोडलं असतं. पुढचं मला विचारू नका. मी सहा वर्षांचं सांगतो. सामना चालू असो, पाऊस असो, आपण अकरा धावांनी हरत असो, त्याच्या टाचा रोज त्याच खड्ड्यात होत्या. मी हललो, तो हलला नाही. पैसे द्या नाहीतर नका देऊ. माझ्या गवतापायी अडवू नका."

हॅलोरनने खण उघडला आणि एकपानी कागद पुढे सरकवला. "वसंतात दोरी लावायची," तो म्हणाला. काझने बाहीला पेन पुसलं. टोपी काढली नाही, पण सही कागदाबाहेर गेली.

शनिवारी, बर्फ पडायच्या आत, ते दोन फूट परत हिरवे करायचे होते. गालिच्यासारख्या गुंडाळ्या केलेलं गवत ट्रकने आलं, आणि उचलायला अख्खी खानावळ आली. ल्युसिलने भल्या मोठ्या पातेल्यात पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, आणल्या. ओटिसने पहिलीच गुंडाळी उलटी पसरली, हिरवी बाजू खाली.

"वरून माती दिसते, आतून हिरवं," ल्युसिल म्हणाली. "तुझ्या उलट."

"मी कारखान्यात होतो, बाई, गोठ्यात नव्हतो!"

एलिसेओ पांढरे बूट घालून आला आणि तासाभरात ते तपकिरी झाले. दोरी त्याने धरली. काझ कमानीवरून चालत होता, शिव्या देत, सगळ्यांना, पोलिशमधून. पंचाण्णव. पंचाण्णव. पंचाण्णव. पुढच्या गुरुवारी रेडिओवर करार जाहीर झाला, तेव्हा गल्लीत लोकांनी भांडी बडवली.

लायकीचा होता का? हा वाद ल्युसिलकडे दर शुक्रवारी अजून चालू आहे. चौथ्या वर्षी एलिसेओचा अंगठा मोडला, आणि ओटिसने तो अख्खा हिवाळा 'मी म्हटलं नव्हतं?' एवढ्या एका वाक्यावर काढला. सहाव्या वर्षी एलिसेओने शेवटचा चेंडू पालथा पडून अडवला, आपण अजिंक्यपद जिंकलं, आणि ओटिसने ल्युसिलचं चुंबन घेतलं, जे दोघेही नाकारतात. नवव्या वर्षी मात्र एलिसेओ खरंच पुढे आला. मोहरीची जाहिरात होती तिथेच, कमान पंचाण्णववर, आणि टाचा पाच बुटांवर. काझ तेव्हा सत्त्याहत्तरचा. सामना संपला की वर्तमानपत्रवाले उठायच्या आत तो गुडघा ओढत धावायचा आणि तेवढ्याच जागेवर दंताळं फिरवून घ्यायचा. कुणाला बोलला नाही. एवढ्या एका बाबतीत तो अबोल होता, ते मी मासिकवाल्यांना कबूल करते.

आता पुन्हा तुझ्याकडे, काझ. एलिसेओ खेळ सोडून आपल्या गावी गेला, तिथे पोरांसाठी मैदान करायला घेतलं, आणि पत्र पाठवलं की जानेवारीत ये, विमानाचं मी बघतो, माझी आई तुझी वाट पाहतेय. तू आयुष्यात कॅनडाच्या पुलापलीकडे गेला नव्हतास. पासपोर्ट लागणार होता. अर्ज मी आणला, मी भरला, तू कुंपणावरून उत्तरं ओरडलीस. उंची पाच फूट अकरा इंच लिही म्हणालास. मी नऊ लिहिली, कारण मला दिसतं. मग कळलं की फोटोला टोपी काढावी लागते, आणि तू म्हणालास, मग सोमवारी जाऊ. सोमवारी कड कापायची होती. पुढच्या सोमवारी पाऊस. त्याच्या पुढच्या सोमवारी तुझे केस कापायचे होते, टोपीखालचे, म्हणजे नऊ. मी कोट घालून तीनदा दारात उभी राहिले. अशी चार वर्षं गेली. अर्ज माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे, सगळे रकाने भरलेले, फोटोची चौकट तेवढी रिकामी. पासपोर्टचा अर्ज घेणारं पोस्ट ऑफिस आपल्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. आपण गेलोच नाही.